जागेअभावी न छापलेली पत्रं

"या घरात एक तर ही ट्रंक राहील, नाहीतर मी," असं बायकोने जाहीर केलं, तेव्हा मी दोन मिनिटं विचार केला, आणि ती दोन मिनिटंच तिला झोंबली. वास्तविक मी दोहोंची तुलना करत नव्हतो. ट्रंक पलंगाखाली मावेल का, एवढाच हिशेब मनात चालला होता. पण लग्नाला चौतीस वर्षं झाली की नवऱ्याच्या गप्प बसण्याचेही अर्थ लावले जातात, आणि ते सहसा नवऱ्याच्या बाजूने लागत नाहीत.

ट्रंकेत पत्रं होती. मला लिहिलेली, पण तसली नव्हेत. मी एका दैनिकात सत्तावीस वर्षं 'वाचकांची पत्रे' हे सदर सांभाळलं. रोज चाळीसेक पत्रं यायची आणि जागा पाचांची असायची. ही पाच कोण निवडायचं? मी. संपादक बदलले, मालक बदलले, इमारतीचा रंग बदलला, पण पाच पत्रं मीच निवडली. पत्राच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने शेरा मारायचा, ही आमची पद्धत. 'घ्या' लिहिलं की पत्र छापायला गेलं. बाकीच्यांच्या नशिबी 'लांबण', 'रटाळ', 'पुन्हा तेच' आणि मनात थोडी माया असेल त्या दिवशी 'जागा नाही'. शिवाय सदराच्या तळाशी रोज छापलेलं असायचं: निनावी पत्रांचा विचार केला जाणार नाही. हा नियम मी सत्तावीस वर्षांत एकदाही मोडला नाही, आणि याचा मला फार अभिमान होता. 'होता' हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

मी निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत आमचं दैनिक कागदावर निघायचं बंद झालं. ते आता फोनवर निघतं, दिवसातून चाळीस वेळा निघतं, आणि त्यात वाचकांची पत्रं नाहीत, कारण प्रत्येक बातमीखाली वाचक स्वतःच लिहितात, न विचारता, न कापता. जुन्या पहारेकऱ्याने फोन करून सांगितलं, "साहेब, तुमची न छापलेली पत्रं रद्दीत चाललीयेत." मी तसाच उठलो आणि निघालो. माणसाने नाकारलेल्या गोष्टींवरही जीव जडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तोडगा सूनबाईने काढला. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं अशी तिची समजूत आहे. ही समजूत आमच्या घरात येऊन चार वर्षं झाली तरी टिकून आहे. "बाबा, आपण एक पान उघडू या. रोज एका पत्राचा फोटो टाकायचा. सगळी टाकून झाली की ट्रंक गेली तरी चालेल."

मी पानाला 'जागेअभावी' असं नाव दिलं. पण पान उघडायच्या आधी मी यंत्र नाही, हे मला सिद्ध करायचं होतं. पडद्यावर नऊ चौकोन आले. ज्यात रस्त्यावरचे सिग्नल आहेत ते निवडा, असा हुकूम. एका चौकोनात नुसता खांब होता. आता खांबाला सिग्नल म्हणायचं का? ज्याने सत्तावीस वर्षं शब्द तोलले, त्याच्याकडून हे घाईघाईने कसं होणार? तळमजल्यावरचे वकीलसाहेब सहज वर आले होते. "खांब हा सिग्नलचा अविभाज्य घटक आहे," असा अभिप्राय त्यांनी दिला. मी खांब निवडला. यंत्राने मला यंत्र ठरवलं. असं तीनदा झालं. शेवटी बायको पदराला हात पुसत आली, जाता जाता चार चौकोन दाबले, आणि मी माणसात आलो. "एवढंच होतं," म्हणाली आणि आत गेली.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या दारात एक निवृत्त बँकवाले राहतात. ते रोज सकाळी साठ लोकांना फुलांची चित्रं पाठवतात, त्यामुळे आमच्या इमारतीत या विषयातला अखेरचा शब्द त्यांचा असतो. ते म्हणाले, "लोक आता वाचत नाहीत हो. वर फूल टाका, खाली बारीक अक्षरात पत्र टाका." मी नकार दिला. वकीलसाहेबांचा मुद्दा गंभीर होता. "पत्राची मालकी लिहिणाऱ्याची असते. प्रत्येकाचं ना-हरकत पत्र घ्या."

"अहो, त्यातले निम्मे आता नसतील."

"मग वारसांचं घ्या."

नियमाचं नाव काढलं की मी विरघळतो. प्रत्येक फोटोखाली मी ओळ टाकायला लागलो: या पत्राच्या लेखकाने अथवा वारसांनी कृपया संपर्क साधावा. पहिल्या दिवशी नऊ जणांनी पत्र पाहिलं. त्यात मी, बायको, मुलगा, सून, वकीलसाहेब, आणि बँकवाले चार वेळा.

पाचव्या दिवशी एका औषधाच्या दुकानातल्या कारकुनाचं पत्र टाकलं. वाचनालय संध्याकाळी सातऐवजी आठला बंद करावं, कारण दुकान साडेसातला सुटतं, एवढंच त्यात होतं. वीस मिनिटांनी खाली एक मजकूर उमटला: "हे माझ्या वडिलांचं अक्षर आहे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. आमच्याकडे त्यांच्या हातची एक ओळसुद्धा नव्हती. मी फोटो मोठा करून बघतेय. त्यांना वाचायला वेळ मिळत नाही म्हणून ते असं कुणाला लिहीत होते, हे आम्हाला माहीतच नव्हतं."

ही मुलगी समुद्रापलीकडे कुठेशी राहत होती. आमच्या काळात एखाद्या पत्राला उत्तर यायचं तर विषय पेटलेला असला तरी नऊ दिवस लागायचे. इथे मी बटण दाबून चहाचा कप हातात घेतला, आणि तो संपायच्या आत एका मुलीला तिचे वडील परत मिळाले होते. मी ते पत्र दोन सेकंदात बाजूला टाकलं असणार. मी बायकोला हाक मारली. तिने वाचलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "उरलेली पण लवकर टाका." ट्रंकेचा विषय तिने त्या दिवसापुरता काढला नाही.

पण त्याखाली दुसरा मजकूर आला: "कोपऱ्यात लाल अक्षरात 'रटाळ' कोणी लिहिलंय?"

फोटो मी कोपऱ्यासकट काढले होते! आमच्या धंद्यात शेरा हा पत्राचा भाग नसतो. तो मजकूर जुळवणाऱ्यासाठी असतो. सत्तावीस वर्षं तो कोपरा मी पाहिला होता आणि पाहिला नव्हता, जसा रोज चष्मा लावणाऱ्याला चष्मा दिसत नाही. वाचकांना मात्र तोच आधी दिसला. दुपारपर्यंत सहाशे लोकांनी मला 'लाल पेन्सिल' हे नाव ठेवलं. काहींनी माझी खरडपट्टी काढली. काहींनी जुन्या तारखा देऊन विचारलं की आमच्या पत्रावर काय शेरा होता ते कळवा. एकाने तर स्वतःच्या लग्नाचा फोटो टाकून शेरा मागितला, आणि तो फोटो बघून मला तो सुचलाही, पण मी संयम पाळला.

"शेरे पुसून टाका," बँकवाले म्हणाले. "माझ्याकडे पुसायचं साधन आहे. मी व्याह्यांना फोटोतून पुसलंय."

"काही पुसू नका," बायको म्हणाली. "जे केलंत ते दिसू दे."

मी खुलासा लिहायला बसलो. 'महोदय,' अशी सुरुवात करून जागेची टंचाई, संपादनाची तत्त्वं, निवडीची जबाबदारी असं तीनशे चाळीस शब्दांचं निवेदन टाकलं. अर्ध्या मिनिटात त्याखाली कुणीतरी एकच शब्द लिहिला: "लांबण." त्याला चार हजार लोकांनी पसंती दिली. सत्तावीस वर्षं जो शब्द मी लोकांना वाटत होतो, तो घरी आल्यावर कसा लागतो ते कळलं. चांगलाच लागतो.

आता त्या गठ्ठ्याकडे येतो. ट्रंकेच्या तळाशी सुतळीने बांधलेला एक वेगळा गठ्ठा होता. सूनबाईने मोजली, नऊशे अठ्ठ्याऐंशी कार्डं. एकोणीस वर्षं, दर सोमवारी टाकलेली, आणि सगळ्यांवर साधारण हाच मजकूर: 'महोदय, स्टेशनाजवळच्या पादचारी पुलाची, बाजाराकडून चढताना सतरावी, पायरी तुटली आहे. संध्याकाळी ती दिसत नाही. कृपया संबंधितांचे लक्ष वेधावे. आपला, एक नियमित पादचारी.' काय पत्र होतं! शिवी नाही, अलंकार नाही, एक शब्द कापता येणार नाही. दोष एकच, नाव नव्हतं. पहिल्या कार्डावर मी 'नाव नाही' असा शेरा मारला होता. दुसऱ्या वर्षी 'पुन्हा पायरी!' चौथ्या वर्षापासून नुसता 'पा.' मी नंतर कार्ड वाचतही नसे. अक्षर दिसलं की 'पा.' लिहायचो आणि बाजूला टाकायचो. स्वतः मी त्या पुलावरून कधी गेलो नव्हतो. तीन वर्षांपूर्वी कार्डं यायची थांबली तेव्हा मी चहाच्या टेबलावर म्हणालो होतो, "पायरीवाला गेला वाटतं." सगळे हसले होते, मीही.

सोमवारचा मान राखून मी सोमवारी सकाळी पहिलं कार्ड टाकलं. कोपऱ्यासकट. आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं!

दहा मिनिटांत एकाने पुलावरून फोटो टाकला. पायरी तशीच होती. मग जे सुरू झालं, त्याला काय म्हणायचं मला अजून ठरवता येत नाही. लोक बोलायला लागले, माझ्याशी नव्हे, एकमेकांशी. एक म्हणाला, मी रोज तिथे उडी मारतो. दुसरी म्हणाली, मी माझ्या मुलाला सोळापर्यंत मोजायला त्या जिन्यावरच शिकवलं, तो शाळेत गेला तरी सतरा म्हणायला घाबरायचा. एका बाईने लिहिलं, "माझा पाय तिथेच मोडला. ज्या डॉक्टरने प्लास्टर घातलं त्याच्याशी माझं लग्न झालं. तरीसुद्धा पायरी दुरुस्त व्हावी असं माझं मत आहे." त्याखाली डॉक्टरने लिहिलं, "सहमत." एका शहरातली इतकी माणसं इतकी वर्षं एकाच भोकावरून पाय उचलत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच. त्या सगळ्यांची गाठ त्या सकाळी माझ्या जेवणाच्या टेबलावर पडली होती.

आणि मग कुणीतरी विचारलं: "छत्रीवाले काका आठवतात का? संध्याकाळी साडेपाचनंतर सोळाव्या पायरीवर उभे असायचे. 'सांभाळून, पुढची तुटलीय,' एवढंच म्हणायचे."

आठवत होते. पन्नास जणांना आठवत होते, मग पाचशे जणांना. बारा महिने छत्री असायची. दिवे लागेपर्यंत थांबायचे. "मला आठवा महिना होता, त्यांनी छत्रीची मूठ धरायला दिली." "मी आंधळा आहे, त्यांचा आवाज आला की मी पाय उचलायचो." "मला वाटायचं पालिकेने माणूस नेमलाय." शेवटी कुणीतरी लिहिलं, "तीन वर्षं दिसले नाहीत हो. आहेत ना?"

तीन वर्षं. मी गठ्ठ्याकडे पाहिलं. हा माणूस सोमवारी मला कार्ड टाकत होता आणि रोज संध्याकाळी, मी ते छापत नाही म्हणून, स्वतः तिथे जाऊन उभा राहत होता. जेवताना बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "तो माणूस जिवंत असला पाहिजे." मला दुसरं काही नको होतं. दोन लाख लोकांनी पाहिलं होतं, पण त्याने पाहिलं नसेल तर त्या दोन लाखांचं मी काय करू?

मंगळवारी पालिकेत गेलो. पुलांच्या खात्यातले कारकून अत्यंत नम्र होते. नम्र कारकून भेटला की समजावं, काम होणार नाही.

"तक्रार कुठे आहे?"

मी फोन पुढे केला.

"ही नव्हे. कात्रण. दैनिकात छापून आलेल्या तक्रारीचं कात्रण चिकटवलं की फाइल उघडते. फाइल उघडली की सात दिवसांत कारवाई करावीच लागते. नियम आहे. आणि नियमात तुमच्याच दैनिकाचं नाव आहे, बघा."

"पण आमचं दैनिक आता छापलंच जात नाही!"

"म्हणून तर दीड वर्षात एकही नवी फाइल उघडलेली नाही," ते समाधानाने म्हणाले. "शहर फार सुधारलंय."

"साधा अर्ज केला तर?"

"पोच मिळेल."

शेजारी एक रिकामं टेबल होतं. त्यावर दोरीने बांधलेली मोठी कात्री आणि वाळलेल्या खळीची बाटली. माझी नजर तिकडे गेलेली पाहून कारकून म्हणाले, "आमच्या कात्रणवाल्यांचं टेबल. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. काय माणूस! सकाळी आले की आधी वाचकांची पत्रं उघडायचे. हातात कात्री तयार. पत्रं वाचून झाली की कात्री हळूच खाली ठेवायचे. रोज. आम्हाला वाटायचं, वाचनाची आवड."

"छत्री वापरायचे?" मी विचारलं.

"बारा महिने! तुम्ही ओळखता त्यांना?"

मी त्या रिकाम्या खुर्चीत बसलो. खात्याच्या नोकराने स्वतःच्या खात्याविरुद्ध नावानिशी तक्रार करायची नाही, हा त्यांचा नियम. निनावी पत्र छापायचं नाही, हा माझा. ते एकोणीस वर्षं इथे कात्री घेऊन माझी वाट बघत होते, की मी छापीन, ते कापतील, फाइल उघडेल. आणि मी तिथे पेन्सिल घेऊन त्यांची वाट बघत होतो, की ते नाव घालतील. चुकीचं दोघांनीही काही केलं नव्हतं. दोघे आदर्श नोकर होते, आणि मधे ती पायरी होती.

"हयात आहेत का?"

"पत्ता देता येत नाही," कारकून म्हणाले, मग माझ्या तोंडाकडे बघून जरा पुढे वाकले. "पण हयातीचा दाखला यंदा आलाय."

घरी येऊन मी हे सगळं लिहिलं. माझ्याच नियमाप्रमाणे दीडशे शब्दांत, कागदाच्या एकाच बाजूला, खाली पूर्ण नाव आणि पत्ता. आयुष्यात पहिल्यांदाच मी 'वाचकाचं पत्र' लिहीत होतो. शेवटी घातलं, 'ज्यांना हे काका माहीत असतील त्यांनी त्यांना हे दाखवावं. ते फोन वापरत नसतील तर वाचून दाखवावं. चूक माझी आहे.' सूनबाईने वाचलं आणि बटण दाबलं.

तासाभरात खाली एका बाईंचा मजकूर आला: "अरे बाळा, पुलांचं खातं तुझ्याकडेच ना?"

सगळा ओघ थांबला. हजारो लोक लिहायचे थांबून बघायला लागले. बँकवाले धावत आमच्याकडे आले, मागोमाग वकीलसाहेब, आणि आम्ही सगळे त्या चार इंचाच्या पडद्याभोवती श्वास रोखून बसलो. सहा मिनिटांनी उत्तर आलं.

"हो आई."

"मग?"

"आई, फाइल उघडावी लागते."

"तुझ्या जन्माच्या वेळी मी त्याच पुलावरून दवाखान्यात गेले. फाइल नव्हती उघडली."

वकीलसाहेब म्हणाले, "बिनतोड." मग पडद्यावर आलं: "उद्या करतो."

"उद्या किती वाजता?"

"आठ."

"मी येते बघायला."

मी सरकारी उत्तरांच्या बातम्या आयुष्यभर वाचल्या. 'चौकशी करण्यात येईल', 'योग्य ती कार्यवाही'. तासासकट दिलेलं सरकारी उत्तर मी पहिल्यांदा पाहत होतो. आईने मुलाला भर चौकात कान धरून उभं केलं होतं आणि चौक घराघरात होता. बँकवाल्यांनी अभावितपणे टाळी वाजवली.

बुधवारी साडेसातला मी पुलावर पोहोचलो. माझ्या आधी तीनशे लोक होते. अभियंता साहेब गवंड्याच्या हातात थापी देत होते, आणि त्यांच्या मातोश्री खाली घडीच्या खुर्चीवर बसून वर बघत होत्या. पावणेआठला लोकांच्या फोनवर एकदम कुजबुज झाली. मी चष्मा वर करून पाहिलं. पानावर कुणीतरी नवीन लिहिलं होतं: "मी त्यांची बायको. शेजारणीच्या फोनवरून लिहितेय. काल सगळं वाचून दाखवलं, लोकांनी लिहिलेलं सुद्धा. सकाळपासून छत्री शोधतायत."

मला पुढचं दिसेना. शेजारच्या अनोळखी माणसाने माझा खांदा धरला. त्यालाही दिसत नव्हतं.

पायरी चाळीस मिनिटांत झाली. बावीस वर्षं आणि चाळीस मिनिटं. काम संपता संपता ते आले. बुटके, स्वच्छ सदरा, हातात छत्री, गुडघे पार गेलेले. गर्दी आपोआप दोन्ही कठड्यांना सरकली. ते एकेक पायरी चढायला लागले आणि लोक हळू आवाजात मोजायला लागले, एक, दोन, तीन. कुणी ठरवलं नव्हतं. सोळाला ते थांबले. सवयच ती. समोरची पायरी अखंड होती आणि सिमेंट अजून काळंभोर ओलं होतं. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग वळले, छत्री आडवी धरली आणि सगळ्यांना म्हणाले, "सांभाळून, पुढची ओली आहे."

तीनशे माणसं एकदम हसली आणि त्यातली बरीचशी त्याच वेळी रडत होती. मीही दोन्ही केलं.

मग मी पुढे झालो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो. "मी लाल पेन्सिल," एवढंच तोंडून निघालं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अस्सं. तुम्ही नियमाप्रमाणे केलंत."

"तुम्हीही."

"हो," ते म्हणाले. मग, पावती क्रमांक सांगावा तशा आवाजात, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात ते म्हणाले, "एकतीस तारखेला निवृत्त झालो. दुसऱ्या दिवशी, एक तारखेला, शेवटचं कार्ड टाकलं होतं. त्याच्यावर नाव घातलं होतं. बघा, असेल तुमच्याकडे."

मी घरी कसा आलो ते आठवत नाही. सुतळी सुटेना, तेव्हा बायकोने ती विळीवर कापली. सगळ्यात खालचं कार्ड. 'महोदय, स्टेशनाजवळच्या पादचारी पुलाची, बाजाराकडून चढताना सतरावी, पायरी तुटली आहे.' खाली पूर्ण नाव, घराचा क्रमांक, गल्ली. त्याखाली बारीक अक्षरात: 'आता नाव देण्यास हरकत नाही.' आणि उजव्या कोपऱ्यात, माझ्या हातचा, 'पा.'

वाचलंच नव्हतं मी. नियमसुद्धा मी पाळला नव्हता.

बायकोने कपाटाच्या खणातून लाल पेन्सिल काढली, टोक पाहिलं आणि माझ्यासमोर ठेवली. मी 'पा.' वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'घ्या.' सत्तावीस वर्षांत हजारो वेळा लिहिलेला शब्द, पण अक्षर नीट येईना. सूनबाईने फोटो काढून पानावर टाकला, नावासकट, पत्त्यासकट, कोपऱ्यासकट.

"ट्रंक राहू दे," बायको हळूच म्हणाली. "पलंगाखालचे कपडे मी दुसरीकडे ठेवीन."

आकडा वाढत होता, हजार, दोन हजार, नऊ हजार. मी इतके दिवस त्या आकड्याकडे तोंड उघडं टाकून बघत होतो, पण त्या वेळी मी एकाच माणसाच्या उत्तराची वाट बघत होतो. ते आलं, शेजारणीच्या फोनवरून: "वाचून दाखवलं. कात्री शोधतायत."

मी सूनबाईला हाक मारली आणि विचारलं, हे कागदावर कसं छापतात.